हातोड्याखालची घराणी

थॉमस गेन्सबरोने १७७८ मध्ये रंगवलेलं एक व्यक्तिचित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. चित्रातला माणूस पन्नाशीला टेकलेला. एका हातात कागद, आणि अंगाचा भार शेजारच्या एका निसर्गचित्राच्या चौकटीवर. ते निसर्गचित्र गेन्सबरोच्याच धाटणीचं आहे. माणूस इतक्या सहजपणे रेललाय की ते चित्र त्याच्याच मालकीचं वाटावं. पण हा जेम्स क्रिस्टी, लंडनचा लिलाववाला. दुसऱ्याच्या मालाशेजारी ऐटीत उभं राहणं ही त्याची रोजची कमाई होती. चित्रकार आणि लिलाववाला दोघे पॅल मॅलवर एकमेकांचे शेजारी. हे व्यक्तिचित्र लिलावाच्या दालनात लागेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्या धनिकांना आपला हात दिसेल, असा गेन्सबरोचा हिशोब होता असं सांगतात. हिशोब चुकीचा नव्हता.

क्रिस्टी मूळचा स्कॉटलंडमधल्या पर्थचा. कॉव्हेंट गार्डनमधल्या एका लिलाववाल्याकडे उमेदवारी करून ५ डिसेंबर १७६६ रोजी त्याने स्वतःचा पहिला लिलाव पुकारला. याच नावाच्या संस्थेत २०१७ मध्ये लिओनार्दोचं म्हणून ‘साल्वातोर मुंदी’ ४५ कोटी डॉलरला गेलं. पहिल्या दिवसांच्या यादीत मात्र चादरींची जोडी, उशांचे अभ्रे, कपड्यांच्या इस्त्र्या आणि पलंगाखाली ठेवायची लघवीची भांडी होती. सोबत दागिने, चांदी, बंदुका आणि मदेरा वाइनचा मोठा साठा. हे सगळं कुणाचं, तर यादीच्या मथळ्यात फक्त एवढंच : ‘एका दिवंगत उमरावाची मालमत्ता’. नाव नाही.

मला जुने लिलाव-कॅटलॉग वाचायची खोड आहे. चित्रांसाठी वाचायला घेतो आणि अडकतो ते या मथळ्यांपाशी. ‘एका सद्गृहस्थाच्या संग्रहातून’, ‘परदेशी जाणाऱ्या एका बाईंची मालमत्ता’. दोन ओळींत एक घर मोडलेलं असतं. या धंद्यातले लोक आपसांत सांगतात की माल येतो तीन वाटांनी : मृत्यू, कर्ज आणि घटस्फोट. कलेची आवड त्या यादीत नाही. मग एखादं लिलावगृह तीन-चार पिढ्या एकाच कुटुंबाकडे राहतं, तेव्हा ते कुटुंब नेमकं काय सांभाळत असतं? इमारत भाड्याची असू शकते आणि माल तर कायमच परक्याचा असतो. उरते ती माहिती. कुणाच्या दिवाणखान्यात कोणतं चित्र लागलंय, ते वडिलांनी कितीला घेतलं होतं, मुलाला जुगाराचा नाद आहे का, दोघा भावांत बोलणं आहे का. ही माहिती बापाकडून मुलाला मिळते आणि तिच्यावरच पुढचा माल येतो. घराणी टिकवून धरण्याच्या गप्पा मारणाऱ्या समाजात एक घराणं दुसऱ्या घराण्यांच्या मोडण्यावर जगत होतं, आणि हे इतक्या अदबीने चालायचं की कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

त्या अदबीचा उत्तम नमुना म्हणजे हॉटनचा सौदा. ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे सर रॉबर्ट वॉलपोल यांनी नॉरफोकमधल्या हॉटन हॉलमध्ये चित्रांचा एक अफाट संग्रह जमवला होता. रुबेन्स, व्हॅन डाइक, रेम्ब्राँ, व्हेलास्केझ. नातवापर्यंत येईतो घरावर कर्जाचा डोंगर झाला. १७७७ मध्ये खासदार जॉन विल्क्सने संसदेत मागणी केली की हा संग्रह देशाने विकत घ्यावा. संसदेने ते कानांआड केलं. मूल्यांकन क्रिस्टीने केलं, आणि १७७९ मध्ये २०४ चित्रं रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनकडे गेली. आकडा होता ४०,५५५ पौंड. हा लिलाव नव्हताच. जाहिरात नाही, गर्दी नाही, हातोडा नाही. बंद दाराआडचा खाजगी सौदा. लिलाववाल्याच्या आयुष्यातला सर्वात मोठा व्यवहार असा न पुकारता व्हावा यात मला गंमतही वाटते आणि धंद्याचं मर्मही दिसतं. हातोडा लोकांना दाखवायला असतो. खरं काम त्याच्या आधी कुणाच्या तरी घरात, दार लोटून, हळू आवाजात झालेलं असतं.

त्या चित्रांचा प्रवास तिथे थांबला नाही. रशियाच्या हर्मिटाज संग्रहालयातून त्यांतली काही सोव्हिएत सरकारने १९३०-३१ मध्ये अमेरिकन धनाढ्य अँड्र्यू मेलन यांना विकली; कारण पुन्हा तेच, पैशांची निकड. २०१३ मध्ये हॉटन हॉलमध्ये एक प्रदर्शन भरलं. रशियातून आणि इतर ठिकाणांहून ही चित्रं काही महिन्यांसाठी उसनी आणून आपापल्या जुन्या भिंतींवर लावली गेली. चित्रांच्या मांडणीचे जुने आराखडे घरातच सापडले होते, म्हणून हे जमलं. सव्वादोनशे वर्षांनी माहेरी आलेल्या लेकींसारखी ती चित्रं चार दिवस राहिली आणि परत गेली.

पहिल्या क्रिस्टीच्या तोंडात साखर होती. १७९४ मध्ये रॉबर्ट डाइटनने त्याचं एक व्यंगचित्र काढलं. त्यात तो व्यासपीठावर हातोडा घेऊन वाकलाय आणि एका बाईसाहेबांना विनवतोय की पन्नास हजार पौंड म्हणजे काहीच नाही हो. चित्राचं नावच ‘गोडबोल्या वक्ता’ अशा अर्थाचं. पण त्याच्याकडे येणारा माल नुसत्या गोडबोलेपणावर येत नव्हता. इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन डिसेंबर १७८४ मध्ये वारले आणि दोनच महिन्यांनी त्यांची पुस्तकं क्रिस्टीच्या दालनात होती. फ्रान्सच्या पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी हिचे दागिने चोरीला जाऊन लंडनमध्ये सापडले. ते परत मिळवण्यासाठी तिने लंडनच्या खेपा घातल्या. त्या खेपाच पुढे तिच्यावरच्या आरोपांत आल्या आणि डिसेंबर १७९३ मध्ये गिलोटिनखाली तिचा शेवट झाला. फेब्रुवारी १७९५ मध्ये ते दागिने क्रिस्टीने विकले, ८,७९१ पौंडांना. फ्रेंच राज्यक्रांतीने लंडनच्या लिलाववाल्यांचं किती भलं केलं याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

१८०३ मध्ये पहिला क्रिस्टी गेला आणि थोरला मुलगा गादीवर आला. नाव तेच, जेम्स क्रिस्टी. हा माणूस मला बापापेक्षा जास्त आवडतो. ईटनमध्ये शिकलेला, मूळ बेत धर्मगुरू होण्याचा. ग्रीक मातीच्या रंगीत कलशांवर त्याने प्रबंध लिहिला, प्राचीन ग्रीकांच्या एका पटावरच्या खेळावर पुस्तक लिहिलं. कलशांवरच्या चित्रांचा संबंध त्याने ग्रीकांच्या गूढ विधींशी जोडला; आज ते कुणी मानत नाही, तरी लिहिताना त्याने कलश बारकाईने पाहिले होते यात शंका नाही. बापाने बोलून विकलं, मुलाने वाचून. त्याच्या काळात गिऱ्हाईक क्रिस्टीकडे यायचं ते तिथे कुणीतरी जाणकार आहे म्हणून. १८२३ मध्ये त्यानेच पेढी सेंट जेम्स भागातल्या किंग स्ट्रीटवर, ८ नंबरच्या वास्तूत हलवली, आणि लंडनमधलं तिचं मुख्य ठाणं आजही तेच आहे.

पुढच्या पिढ्यांत विद्वान निपजण्याची ही गोष्ट एकट्या क्रिस्टींची नाही. लंडनच्याच दुसऱ्या लिलाव-पेढीच्या, सॉदबी घराण्यातही तेच दिसतं, फक्त तिथे वारसा बापलेकांचा नसून मामा-भाच्याचा. पुस्तकविक्रेता सॅम्युअल बेकर याने मार्च १७४४ मध्ये एका सरदाराचं ग्रंथालय लिलावात काढलं आणि ८२६ पौंड मिळवले. १७७८ मध्ये तो वारला तेव्हा धंदा भागीदार जॉर्ज ली आणि भाचा जॉन सॉदबी यांच्याकडे आला. पेढीला ज्याचं नाव मिळालं तो असा भाचेपणाने आलेला. तिसऱ्या पिढीतला सॅम्युअल ली सॉदबी हा छपाईच्या आरंभकाळाचा अभ्यासक. लाकडी ठशांवरून छापलेल्या जुन्या पुस्तकांवर त्याने तीन जाडजूड खंड लिहिले, मिल्टनच्या हस्ताक्षरावर संशोधन केलं. १८६१ मध्ये डार्ट नदीत बुडून त्याचा मृत्यू झाला. त्याच्याबरोबर सॉदबी घराण्याचा पेढीशी असलेला संबंध संपला. जॉन विल्किन्सन नावाचा भागीदार पुढे आला आणि पाटी तशीच राहिली.

घराण्याच्या धंद्याला बाहेरच्यापेक्षा घरच्या नोकराची भीती जास्त. पहिल्या क्रिस्टीकडे हॅरी फिलिप्स नावाचा मुख्य कारकून होता. १७९६ मध्ये त्याने आपली वेगळी पेढी काढली. कारकुनाने जाताना काय नेलं असेल? कपाटं-खुर्च्या नव्हेत. कुणाचं काय कुठे आहे, ते. त्यानंतरची फाँटहिलची हकिकत सावकाश सांगण्यासारखी आहे.

विल्यम बेकफर्ड हा जमैकातल्या साखरेच्या मळ्यांवर, म्हणजे गुलामांच्या कष्टांवर, गडगंज झालेल्या घराण्याचा वारस. विल्टशरमध्ये त्याने फाँटहिल ॲबी नावाचा एक अचाट प्रासाद बांधला, मधोमध जवळजवळ तीनशे फुटांचा मनोरा. आत चित्रं, पुस्तकं, स्फटिकाची भांडी, जपानी लाखेच्या पेट्या. बाहेरच्या माणसाला प्रवेश जवळजवळ नव्हताच. साखरेचे भाव पडले, कर्ज चढलं आणि १८२२ मध्ये क्रिस्टीने लिलावाचा कॅटलॉग काढला. कॅटलॉग म्हणजेच प्रवेशपत्र. इतकी वर्षं बंद असलेलं घर आतून पाहायला मिळणार म्हणून अख्खा देश लोटला. कॅटलॉग हजारोंनी खपले. लिलावाची तारीख आली, पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि मग कळलं की घर आतल्या मालासकट विकलंही गेलं. बंगालमध्ये बंदुकीच्या दारूत पैसा केलेला जॉन फार्कर नावाचा म्हातारा, त्याने सुमारे ३ लाख पौंडांना सगळं उचललं. हा सौदा जुळवणारा हॅरी फिलिप्स. पुढच्या वर्षी फार्करने माल लिलावात काढला तेव्हाही हातोडा फिलिप्सच्याच हाती, आणि लिलाव महिन्याहून जास्त चालला. म्हणजे जेवणाची पंगत क्रिस्टीने मांडली, आमंत्रणं त्याने दिली, आणि ताट जुन्या कारकुनाने उचललं.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. फिलिप्सच्या त्या विक्रीत बेकफर्डचा कधीच नसलेला मालही घुसवल्याची कुजबुज तेव्हाच सुरू झाली. कारण उघड आहे. ‘फाँटहिलचा’ म्हटलं की फुलदाणीला दुप्पट भाव. वस्तूपेक्षा घराचं नाव विकलं जातं हे फिलिप्सने ओळखलं होतं, आणि घराचं नाव उसनं घेता येतं हेही. १८२५ मध्ये तो मनोरा कोसळला. फिलिप्सचं मात्र उत्तम चाललं. १८४० मध्ये तो वारल्यावर मुलगा आला, मुलानंतर जावई. तेही घराणंच झालं.

इथे जरा आडवळणाने कॅटलॉगच्या भाषेबद्दल. क्रिस्टींच्या पेढीत चित्रकाराचं नाव छापायची एक पद्धत होती आणि ती विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालली. ‘थॉमस गेन्सबरो’ असं पूर्ण नाव छापलं तर आमच्या मते चित्र त्याच्याच हातचं. ‘टी. गेन्सबरो’ असेल तर त्याच्या काळातलं, थोडंफार त्याचं असू शकेल. नुसतं ‘गेन्सबरो’ असेल तर त्याच्या वळणाचं, कुणाचंही. म्हणजे नाव जितकं छोटं तितका भरवसा कमी. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘गेन्सबरो’ वाचून हुरळून जाणार, आणि पेढी म्हणणार की आम्ही खोटं कुठे बोललो. मला ही पद्धत एकाच वेळी अत्यंत सभ्य आणि अत्यंत लबाड वाटते. बोली गिनीत लावायची तऱ्हाही तशीच. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडापेक्षा एक शिलिंग जास्त. विकणाऱ्याला पौंड, वरचा शिलिंग लिलाववाल्याचा, असा जुना हिशोब सांगतात. खानदानी माणसांनी गिनीत बोलावं, दुकानदारांनी पौंडात. अडतीचा उच्चार न करता अडत कापण्याची ही सोय खानदानी नाण्यात गुंडाळलेली होती.

दुसरा जेम्स क्रिस्टी १८३१ मध्ये गेला. त्याच वर्षी विल्यम मॅन्सन भागीदार झाला, १८५९ मध्ये टॉमस वुड्स. पेढीचं नाव झालं ‘क्रिस्टी, मॅन्सन अँड वुड्स’. घराण्याच्या धंद्यात पाटीवर दुसरं आडनाव येतं तेव्हा घरातलं काहीतरी सैल झालेलं असतं. दुसऱ्या क्रिस्टीची मुलं कामात होती, पण कथा सांगावी असं त्यांच्याबद्दल फारसं काही हाती लागत नाही. गंमत म्हणजे पेढीचे मोठे दिवस याच काळातले. १८४८ मध्ये बकिंगहॅमच्या दुसऱ्या ड्यूकचा स्टोवचा वाडा रिकामा झाला, लिलाव ४० दिवस चालला. ड्यूकच्या डोक्यावर दहा लाख पौंडांहून जास्त कर्ज होतं आणि लिलावातून आले ७५ हजारांच्या आसपास. त्या चाळीस दिवसांत विकलं गेलेलं एक चित्र म्हणजे शेक्सपिअरचं म्हणून ओळखलं जाणारं चँडॉस व्यक्तिचित्र. लॉर्ड एल्समियरने ते ३५५ गिनींना घेतलं आणि १८५६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला दिलं. तिथल्या नोंदवहीत ते चित्र क्रमांक १ आहे. चँडॉस हा त्या बुडालेल्या ड्यूकचाच किताब. सगळं गेलं, ते एक नाव तेवढं चित्राला चिकटून राहिलं.

मग १८८२. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने सेटल्ड लँड ॲक्ट केला. तोवर बऱ्याच मोठ्या घराण्यांची मालमत्ता वारसाहक्काच्या बंधनांत अशी जखडलेली असे की हयात वारसालाही ती विकता येत नसे. तो फक्त राखणदार. परदेशी धान्याने शेतीचे भाव पाडलेले, खंड वसूल होईना, आणि भिंतीवर लाखोंची चित्रं. बांध फुटला. हॅमिल्टन पॅलेसचा लिलाव त्याच वर्षी क्रिस्टीकडे झाला. १७ दिवस, दोन हजारांवर लॉट, म्हणजे एकेका बोलीचे नग, आणि ३,९७,५६२ पौंड. हॅमिल्टनच्या दहाव्या ड्यूकची बायको ही फाँटहिलवाल्या बेकफर्डची मुलगी. म्हणजे बापाने वाचवून ठेवलेला संग्रह मुलीच्या सासरी गेला, आणि क्रिस्टीच्या हातून १८२२ मध्ये निसटलेल्या घरातला काही माल साठ वर्षांनी तिथेच आला. लिलाववाल्याला थांबायची सवय असावी लागते ती अशी. तो पॅलेसही पुढे पाडला गेला. खालून कोळशाच्या खाणी पोखरत गेल्या होत्या.

आणि अशा सुगीत, १८८९ मध्ये, शेवटचा क्रिस्टी निवृत्त झाला. जेम्स एच. बी. क्रिस्टी, संस्थापकाचा पणतू. चार पिढ्या, १२३ वर्षं. कर्ज नाही, भांडण नाही, निदान बाहेर आलेलं नाही. इतरांच्या घरांचे शेवट इतक्या बारीक तपशिलाने छापणाऱ्या कुटुंबाने स्वतःचा शेवट इतका बिनबोभाट उरकावा, हे मला त्यांच्या धंद्याला साजेसंच वाटतं.

नंतरची हकिकत कंपनीची आहे, घराण्याची नाही, म्हणून भरभर सांगतो. एप्रिल १९४१ मध्ये किंग स्ट्रीटची वास्तू बाँबहल्ल्यात जळाली. पेढी परत तिथे यायला १९५३ उजाडलं. १९७३ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. १९७५ मध्ये क्रिस्टीज आणि सॉदबीज दोघांनीही विकणाऱ्यासोबत घेणाऱ्याकडूनही दहा टक्के घ्यायला सुरुवात केली, अगदी पाठोपाठ. १९९८ मध्ये फ्रेंच उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांनी क्रिस्टीज विकत घेतलं. त्यानंतर थोड्याच काळात दोन्ही पेढ्यांनी संगनमताने अडतीचे दर ठरवल्याचं उघड झालं, ५१ कोटी २० लाख डॉलरची भरपाई द्यावी लागली आणि सॉदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन तुरुंगात गेले. घराण्यांच्या हाती असतं तर हे घडलं नसतं, असं म्हणायचा मोह अनेकांना होतो. मला होत नाही. फिलिप्सची गोष्ट वर आलीच आहे, आणि कुटुंबाच्या हाती राहिलेल्या पेढ्यांची विसाव्या शतकातली वही उघडली तर त्यात बरीच काळी पानं निघतात.

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नची गॅलरी फिशर घ्या; १९०७ पासूनची, कुटुंबाची पेढी. जर्मन संग्रहालयांतून नाझींनी ‘अधःपतित’ ठरवून काढलेली १२५ चित्रं-शिल्पं ३० जून १९३९ रोजी थिओडोर फिशरने लिलावात विकली. व्हॅन गॉचं एक आत्मचित्र १ लाख ७५ हजार फ्रँकला गेलं. ते आता हार्वर्डमध्ये आहे. पैसा कुणाच्या तिजोरीत जाणार हे दालनात बसलेल्यांना माहीत होतं, म्हणून काही खरेदीदार आलेच नाहीत. जे आले त्यांनी चित्रं वाचवली असंही म्हणता येतं. दोन्ही खरं आहे आणि हातोडा दोन्हींवर सारखाच पडतो.

मला जास्त गुंतवून ठेवते ती कोलोनची पेढी, लेम्पर्ट्झ. १८४५ मध्ये लेम्पर्ट्झ या आडनावाने सुरू झालेली. १८७५ मध्ये ती पेटर हानश्टाइनकडे आली आणि तेव्हापासून हानश्टाइन कुटुंबाकडे आहे. क्रिस्टींचं नाव राहिलं आणि घर गेलं. इथे घर राहिलं, पण दुसऱ्याच्या नावाखाली. दीडशे वर्षं एका कुटुंबाने पाटीवर आपलं आडनाव न लावता धंदा केला. विश्वास ज्या नावावर बसलेला असतो ते नाव बदलायचं नसतं, एवढं व्यावहारिक शहाणपण त्यामागे असावं.

ड्युसेलडॉर्फमध्ये माक्स श्टेर्न नावाचे एक ज्यू चित्रविक्रेते होते. गॅलरी वडिलांकडून आलेली. नाझी सरकारने त्यांचा व्यवसायाचा परवाना काढून घेतला, माल विकून टाकायला भाग पाडलं, आणि १३ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांची दोनशेहून अधिक चित्रं लेम्पर्ट्झमध्ये लिलावात निघाली. श्टेर्न देश सोडून गेले. पुढे कॅनडात, माँट्रियलमध्ये, मोठे कलाविक्रेते म्हणून नावारूपाला आले आणि १९८७ मध्ये वारले. २००२ पासून त्यांच्या वारसदार विद्यापीठांच्या वतीने माँट्रियलचं कॉनकॉर्डिया विद्यापीठ ती चित्रं शोधतंय. शोधाचा पाया काय? त्या दिवसाचा छापील कॅटलॉग. विंटरहाल्टर या जर्मन चित्रकाराचं एक चित्र अमेरिकेत सापडलं. ज्या बाईंकडे होतं त्यांच्या सावत्र वडिलांनी ते त्या लिलावातच घेतलं होतं. बाईंना ते वारशाने आलेलं. २००८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम केला की चित्र श्टेर्न यांच्या वारसांचं आहे. पावती असलेली, वरकरणी रीतसर विक्री न्यायालयाने ग्राह्य धरली नाही, कारण विकणाऱ्याला नाही म्हणायची मुभाच नव्हती.

श्टेर्न यांच्याच शहरात गॅलरी असलेले आणखी एक ज्यू विक्रेते म्हणजे आल्फ्रेड फ्लेश्टहाइम. १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावं लागलं, १९३७ मध्ये लंडनमध्ये ते वारले, माल चहूकडे पांगला. आता २००६ सालाकडे या. लेम्पर्ट्झमध्ये जर्मन चित्रकार हाइनरिश कांपेनडोंकचं ‘घोड्यांसह लाल चित्र’ विक्रीला आलं. साल १९१४ सांगितलेलं. मागे फ्लेश्टहाइम संग्रहाची चिठ्ठी डकवलेली. मालकी एका बाईंची. त्यांच्या आजोबांनी फ्लेश्टहाइमकडून घेतलेल्या चित्रांपैकी हे एक, असं त्यांचं सांगणं. चित्र अडत धरून २८ लाख ८० हजार युरोला गेलं. कांपेनडोंकला इतका भाव कधीच आला नव्हता.

चित्र वोल्फगांग बेल्ट्राकी नावाच्या माणसाने काढलं होतं. विकायला आलेलं कुटुंब त्याच्या बायकोचं, हेलेनचं. तिचे आजोबा खरेच होते, पण त्यांचा चित्रसंग्रह कधीच नव्हता. या जोडप्याने एक जुना फोटोही तयार केला : हेलेन आपल्या आजीसारखी वेणीफणी करून, गळ्यात मोत्यांची माळ घालून टेबलाशी बसलीय आणि मागे भिंतीवर चित्रं आहेत. फोटो युद्धापूर्वीच्या जुन्या कागदावर छापला. मला या प्रकरणात सर्वात थक्क करते ती चित्राची नक्कल नव्हे. बेल्ट्राकीने अस्तित्वात असलेल्या चित्रांच्या नकला फारशा केल्याच नाहीत. हरवलेल्या, फक्त जुन्या यादीत नाव उरलेल्या चित्रांच्या रिकाम्या जागा त्याने भरल्या. या नवरा-बायकोने बनावट केलं ते घर. आजोबा, आजी, दिवाणखाना, वारसा. लिलावगृहं दोन-अडीचशे वर्षं ज्या मालावर चालली, ‘एका जुन्या कुटुंबाच्या संग्रहातून’, नेमका तोच माल त्यांनी बाजारात आणला. आणि खातरजमा करायला जायचं कुणाकडे? फ्लेश्टहाइमची पेढी टिकली असती, तिचे हिशोब एखाद्या मुला-नातवाकडे असते, तर एका पत्राने भांडं फुटलं असतं. ती पोकळी नाझींनी केली होती आणि सत्तर वर्षांनी एक ठग तिच्यात सुखाने राहत होता.

खरेदीदार कंपनीने चित्र प्रयोगशाळेत पाठवलं तेव्हा रंगात टायटॅनियमचा पांढरा सापडला, जो १९१४ मध्ये चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता. फ्लेश्टहाइमच्या चिठ्ठ्याही खोट्या निघाल्या. २०११ मध्ये बेल्ट्राकीला सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१२ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने लेम्पर्ट्झला खरेदीदाराचे पैसे परत करायला सांगितलं. विक्रीपूर्वी चित्राची पुरेशी तपासणी पेढीने करायला हवी होती, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. इतकी वर्षं रंगाच्या एका कणाची तपासणी का सुचली नाही, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. माझ्या मते सुचायचं कारणच नव्हतं. समोर एक बाई बसली होती आणि आपल्या आजोबांबद्दल बोलत होती. पिढ्यान्‌पिढ्या आजोबांच्या गोष्टी ऐकूनच माल घेणाऱ्या पेढीला यापेक्षा ओळखीचं काय असणार?